पदराला बांधलेला गूळ

ज्या दिवशी ठेकेदाराने गूळ पुन्हा सुरू केला, त्या दिवशी साइटवरचं पाणी बंद झालं. बायका कामावर परतल्या. क्रशर चालू झाला. माझ्या सासूबाई त्या दिवशी जिंकल्या.

हे सांगायचं तर आधी गुळाचं सांगायला हवं. त्या काळी आमच्या नागपुरात, जिथे गिट्टी फोडतात, वाळू चाळतात, सिमेंटची रिकामी पोती झटकतात, तिथल्या मजुरांना संध्याकाळी सुट्टी होताना गुळाचा एकेक खडा मिळायचा. गुळाने घशातली धूळ खाली उतरते, छाती साफ राहते, अशी सगळ्यांची समजूत होती. मजुरांची होती, मुकादमांची होती. ठेकेदाराचीही असावी; निदान त्याला ती परवडत होती.

माझ्या सासूबाईंचं नाव पार्बताबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या तेव्हा मी दारातच थबकले. केसांपासून पायाच्या बोटांपर्यंत पांढऱ्या. पापण्यासुद्धा पांढऱ्या. दोन डोळे तेवढे ओले, काळे. भिंतीतून कुणी बाहेर यावं तशा त्या अंगणात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत. आधी पदराची गाठ सोडली, मूठ पुढे केली आणि म्हणाल्या, “धर वं. डब्यात टाक. मंग पानी आन.”

मुठीत गूळ होता. त्याच्यावरही धूळ बसलेली. हा त्यांचा रोजचा क्रम पुढे मी वर्षानुवर्षं पाहिला. आधी गूळ घरात जायचा, मग त्या अंग धुवायच्या, मग त्या घरात यायच्या. चहा त्याच गुळाचा. चहाच्या तळाशी बारीक कच उतरायची, म्हणून आमच्या घरात चहाचा शेवटचा घोट कुणी प्यायचं नाही. कप जरासा हलवायचा आणि उरलेलं अंगणातल्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतायचं. मी नवी होते, पहिल्या दिवशी सगळा चहा प्याले. दातांखाली कचकचलं. आत्याबाई हसल्या. “मास्तरीन बाई, पुस्तकात नाई का लिवलं? आखरीचा घोट झाडाचा असते.”

मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून त्या मला मास्तरीण म्हणत. त्यात टोमणा असायचा आणि त्याच्याखाली अभिमानही असायचा. स्वतःला वाचता येत नसे. संध्याकाळी भाकरी थापता थापता मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायच्या आणि मधेच म्हणायच्या, “हे खोटं हाय. पुढचं वाच.” त्यांना कसं कळायचं कोण जाणे, पण बहुतेक वेळा ती बातमी एखाद्या इमारतीच्या उद्घाटनाची असायची.

इमारतींवर त्यांचा हक्क होता. रिक्षातून जाताना बोट दाखवायच्या. “हा दवाखाना माहा. त्या कॉलेजाचा जिना माहा. ते पान्याची टाकी दिसते ना, थे अर्धी माही, अर्धी गयाची.” गया म्हणजे कुणी जुनी सोबतीण. आत्याबाईंचा नवरा लवकर गेला, तेव्हा त्यांचा मुलगा प्रभाकर कडेवर होता. त्या दिवसापासून डोक्यावर टोपलं घेतलं. छप्पन साली सगळ्या वस्तीबरोबर दीक्षा घेतली, घरातले देव एका कापडात बांधून नदीत सोडले आणि मुलाला शाळेत घातलं. पुढे स्वतःची बायकांची टोळी झाली. कोण किती टोपली उचलेल, कुणाला उन्हात बसवायचं नाही, कुणाला दिवस गेलेत म्हणून चाळणीपाशी ठेवायचं, हे सगळं त्या ठरवायच्या. ठेकेदारही “पार्बताबाईंना विचारा” म्हणायचा.

प्रभाकर म्हणजे माझे यजमान. डिप्लोमा करून ते ओव्हरसियर झाले आणि आई जिथे गिट्टी वाहत होती त्याच ठेकेदाराकडे लागले. सिमेंट परमिटवर मिळायचं ते दिवस. शहराच्या कडेला सरकारी क्वार्टर्सचं मोठं काम निघालं होतं. ठेकेदाराने साइटवरच दगड फोडायचा क्रशर बसवला. दगड यायचा माझ्या माहेराकडून, पारशिवनीच्या बाजूच्या टेकड्यांतून. पांढरट, गारगोटी मिसळलेला दगड. लहानपणी त्या टेकड्यांवर आम्ही बोरं वेचायला जायचो. आता तो दगड क्रशरच्या जबड्यात पडायचा आणि त्याचं पीठ व्हायचं. साइटवर उन्हातही धुकं असायचं. त्या धुक्यात बायका दिसायच्या नाहीत, त्यांचा खोकला ऐकू यायचा.

जबड्यापाशी दगड लोटायला रुखमा नावाची बाई होती. तरुण, एकटी, नवऱ्याने टाकलेली. आत्याबाईंच्या टोळीतली सगळ्यांत हसरी. तिचा खोकला प्रभाकरांच्या मनात बसला. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की दगडाची बारीक धूळ छातीत गेली की तिथेच राहते, आणि ती उडू न देणं हाच एक उपाय. त्यांनी एका नळीला भोकं पाडली आणि जबड्याच्या तोंडावर बांधली. पाणी सोडलं. धूळ खाली बसली. बायका एकमेकींकडे बघून हसल्या, कारण पहिल्यांदाच दुपारी एकमेकींची तोंडं दिसली होती.

ठेकेदार आला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने नळीकडे पाहिलं आणि विचारलं, “पाणी कुणाच्या खात्यातून, ओव्हरसियर साहेब? उन्हाळ्यात टँकर लागतो. आपल्या दरात पाणी धरलेलं नाही.”

“मग धरायला हवं होतं.”

“धरलं असतं तर हे काम मला मिळालंच नसतं. ज्याने धरलं नाही त्याला मिळालं असतं. अन तोही पाणी मारणार नव्हता. मग तुमची धूळ कमी झाली का, सांगा मला?”

प्रभाकर ते घरी येऊन सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. मग त्यांनी एक तोड काढली. गुळावर रोज खर्च होतोच आहे, आणि तो धुळीसाठीच होतो. गूळ काही कामाचा नाही. तो बंद करा आणि त्या पैशात टँकर आणा. ठेकेदाराने क्षणभर हिशेब केला आणि मान हलवली.

असा गूळ बंद झाला आणि पाणी सुरू झालं. ओल्या दगडाचा चिखल चाळणीला चिकटायचा. बायका हाताने चाळणी ठोकत बसायच्या. त्यांची मजुरी गिट्टीच्या ढिगावर होती, ब्रासच्या मापाने. ढीग हळू वाढायला लागला तशी मजुरी घटली. आणि संध्याकाळी पदराची गाठ रिकामी. बायका आत्याबाईंकडे आल्या.

त्या संध्याकाळी आमच्या घरी जेवताना जे बोलणं झालं ते मला शब्दाशब्दाने आठवतं, कारण मी मध्ये वाढत होते आणि कुणाच्याच ताटात काही घालता येत नव्हतं.

“तू गूळ काहून बंद केला?” आत्याबाईंनी विचारलं.

“गुळानं धूळ जात नाही, माय. पाण्यानं जाते. तू अंगण झाडायच्या आधी सडा टाकते की नाही? मग साइटवर कोरडं काम कशाला?”

“अंगन माहं हाय. अंगनाचे मले बरासनं पैसे नाई भेटत. हळू झाडलं तं कोनाचं काई जात नाई.”

“पण छाती—”

“छातीसाठीच तं गूळ हाय.”

प्रभाकर चिडले. “माय, छप्पन साली तू एका दिवसात सारे देव सोडले. हा एक गूळ काहून सोडवत नाही तुले?”

आत्याबाईंनी घास खाली ठेवला. शांतपणे म्हणाल्या, “देवानं माह्या पोराले चहा नवता पाजला.”

प्रभाकरांना तोवर खरंच ठाऊक नव्हतं, की ते ज्या गोड चहावर आणि गूळभाकरीवर मोठे झाले, अभ्यासाला बसले, तो गूळ दुकानातून कधीच आलेला नव्हता. टोळीतली प्रत्येक बाई गूळ पदराला बांधून घरी न्यायची. तो धुळीचा उतारा म्हणून दिला जायचा आणि लेकरांच्या तोंडात जायचा.

दुसऱ्या दिवशी बायका टोपली पालथी घालून त्यांवर बसल्या. क्रशर बंद. ठेकेदार धावत आला. आत्याबाई उठल्या नाहीत. बसूनच बोलल्या, “गूळ आमच्या हातात येते, मालक. पानी दगडावर पडते. दगडाची काळजी तुमी करा.”

ठेकेदार हुशार होता. टँकर महाग पडत होता, काम मागे पडत होतं, आणि मागणी होती फक्त गुळाची. त्याने प्रभाकरांकडे वळून म्हटलं, “पार्बताबाई म्हणतात तसं करा.” त्याच दुपारी नळी सोडली गेली. संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने गूळ वाटला, नेहमीपेक्षा मोठा खडा. आत्याबाई अंगणात आल्या, पांढऱ्या, पापण्यांसकट. मूठ पुढे केली. प्रभाकरांनी त्या दिवसापासून चहात गूळ घालू दिला नाही. मी त्यांना कोरा, अगोड चहा द्यायला लागले.

पुढची काही वर्षं अशीच गेली. क्वार्टर्सचं काम रेंगाळत गेलं. आत्याबाई आधी चढावर थांबायला लागल्या. मग सपाटीवर. “श्वास का उसना आनता येते?” म्हणायच्या आणि हसायच्या, पण हसणं पुरं व्हायचं नाही. आधी टीबी समजून इंजेक्शनं झाली. त्यांचा परिणाम झाला नाही तेव्हा आम्ही त्यांना धंतोलीत एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

“काय काम करता, बाई?”

“घरं बांधते.”

“किती वर्षं?”

“मोजलं नाई. अर्धं नागपूर बांधून झालं.”

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं. दगडाची धूळ. आत गेलेली बाहेर काढणारं औषध नाही. मी ती काळी फिल्म हातात धरून उभी होते. छातीच्या दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके पसरलेले, दाट. मी मनातल्या मनात म्हटलं, ही माझ्या माहेरची टेकडी आहे. त्यानंतर मी माहेरी गेले की त्या बाजूला पाहायचं टाळते.

आत्याबाईंना आम्ही दुखण्याचं नाव सांगितलं नाही, पण धुळीचं आहे हे त्यांना कळलं होतं. अंगणात बाजेवर उशांना टेकून बसायच्या, कारण निजलं की दम कोंडायचा. एकदा माझ्या हातून पाणी घेताना म्हणाल्या, “माहीच चूक झाली वं. मी कधी खाल्लाच नाई.”

“काय?”

“गूळ. रोज एक कुटका तरी तोंडात टाकाचा होता. नाई टाकला. वाटे, तेवढंच घरी कमी जाईन.”

प्रभाकर तिथेच विजार चढवत होते, कामावर निघण्यासाठी. ते तसेच थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं. गूळ खाल्ला असता तरी हेच झालं असतं, असं ते सांगू शकत होते. पण त्या वाक्याने आईकडून काय काय काढून घेतलं जाईल, हे त्यांना कळत असावं. त्यांनी सायकल काढली आणि ते निघून गेले. आत्याबाईंचा श्वास मागे ऐकू येत राहिला; कोरड्या चाळणीतून वाळू घसरावी तसा.

मग रुखमा त्यांना बघायला आली. अंगणाच्या फाटकापाशीच तिला खोकला आला. ती वाकून, फाटकाला धरून बराच वेळ खोकत राहिली. मी आत होते. मला वाटलं आत्याबाईच खोकताहेत. बाहेर येऊन पाहिलं तर त्या बाजेवर ताठ बसून ऐकत होत्या.

रुखमा येऊन टेकली. इकडचं तिकडचं झालं. मग आत्याबाईंनी विचारलं, “रुखमे, तू गूळ खाते का वं?”

“खाते ना, पार्बतामाय. रोज खाते. पुरा खाते.”

“घरी नाई नेत?”

रुखमा हसली. “कोनासाठी नेऊ? माह्या घरी कोन वाट पाहून राह्यलं? फाटकाभाईर निघेपरेंत खाऊन टाकते.”

आत्याबाईंचा चेहरा मी तोवर अनेक रंगांत पाहिला होता, पांढराही. पण तसा कधी पाहिला नव्हता. रुखमा गेली तरी त्या फाटकाकडेच बघत होत्या. चहा निवून गेला. संध्याकाळी प्रभाकर आले. त्यांनी अजून सायकल लावली नव्हती, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, “परभाकर, थे पोट्टी रोज गूळ खाते.”

“हो, माय.”

“तुले मालूम होतं.”

“हो.”

“मंग उद्या मले साइटवर ने.”

“मी बोलतो ठेकेदाराशी. तू कशाला—”

“तू बोलला होता. तुह्यं कोन आयकलं? पानी मी बंद करवलं. मलेच जा लागन.”

सकाळी आम्ही त्यांना सायकलरिक्षातून नेलं. धुळीच्या भिंतीपाशी रिक्षावाला थांबला. प्रभाकरांनी क्रशर बंद करायला लावला. बायका धुक्यातून एकेक बाहेर आल्या. कुणीतरी पालथं टोपलं आणून दिलं, त्यावर आत्याबाई बसल्या. एका वाक्यासाठी त्यांना दोन श्वास लागत होते, म्हणून त्या कमी बोलल्या.

“गुळानं धूळ जात नाई. रुखमाले पाहा. मले पाहा. पानी मांगा.”

“अन गूळ?” मागून कुणीतरी विचारलं.

प्रभाकर म्हणाले, “माय, गूळ आता कशाला? औषध नाही ते.”

आत्याबाईंनी मान वर केली. “गूळ औषध नोहोय, बापू. गूळ मजुरी हाय. पानी बी पाह्यजे, गूळ बी पाह्यजे. अन ओल्या दगडाचं माप नाई, रोजी पाह्यजे. तवा कोनी पानी बंद करा म्हननार नाई.”

मी पुस्तकं वाचणारी बाई. प्रभाकरांनी मासिकातून आणलेलं ज्ञान खरं होतं, आणि तरी ते फसलं होतं. का फसलं ते आत्याबाईंना पहिल्यापासून माहीत होतं, पण पाण्याची गरज त्यांना माहीत नव्हती. दोन्ही गोष्टी एका टोपल्यावर बसायला इतकी वर्षं लागली.

ठेकेदार आला. त्याने आत्याबाईंना ओळखलं. मग म्हणाला, “पार्बताबाई, पाणी तर तुम्हीच बंद करवलं होतं.”

“हो, मालक. मीच. म्हनून मीच आली.”

त्याने मान्य केलं. आत्याबाईंची दशा पाहून केलं की क्वार्टर्स ताब्यात द्यायची वेळ जवळ आली होती आणि काम बंद पडणं परवडणार नव्हतं म्हणून केलं, मी सांगू शकत नाही. नळी पुन्हा बांधली गेली. गूळही मिळत राहिला. बायकांना रोजी मिळाली. रुखमाला आत्याबाईंनी जबड्यापासून हलवून पाण्याच्या पिंपापाशी बसवायला सांगितलं, आणि तेही झालं.

आत्याबाई त्यानंतर एक उन्हाळाही काढू शकल्या नाहीत. रोज संध्याकाळी प्रभाकर आले की एकच विचारायच्या, “पानी सुरू हाय ना?”

“सुरू आहे, माय.”

त्यातल्या शेवटच्या दिवसांत क्रशर विकला गेला होता. क्वार्टर्स पूर्ण झाली होती. ठेकेदाराने पुढचं काम घेताना पाणी, गूळ आणि रोजी यांचा हिशेब करून पाहिला आणि ठरवलं की साइटवर गिट्टी फोडायचीच नाही. कन्हान नदीपलीकडच्या खाणीवरून तयार विकत घ्यायची. ती स्वस्त पडत होती. ती स्वस्त का पडते, हे प्रभाकरांनी घरी येऊन मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ते फाटकातून आत यायचे, सायकल लावायचे, बाजेपाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, “सुरू आहे, माय.” त्या ऐकून डोळे मिटायच्या. एका संध्याकाळी आत्याबाईंनी विचारलं नाही.

त्या गेल्यावर त्यांची पेटी उघडली. लुगडी धुऊन घडी घातलेली. मी एक झटकलं तर उजेडात बारीक पांढरं काही उडालं. मी लुगडं पुन्हा घडी करून ठेवलं आणि पेटीभोवती पाणी शिंपडून मग खोली झाडली.

क्वार्टर्समध्ये लोक राहतात. दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. रुखमा आत्याबाईंनंतर दोन पावसाळे जगली. शहरात बांधकामं कमी झाली नाहीत. कन्हानकडून गिट्टीचे ट्रक येतात, मागे धूळ सोडत जातात, आणि तिकडे कोरड्या जबड्यापाशी कोण उभं आहे हे मला माहीत नाही.

प्रभाकर पुन्हा गुळाचा चहा घेतात. गूळ मी दुकानातून आणते, स्वच्छ असतो, तळाशी काही उतरत नाही. तरीही आम्ही दोघं शेवटचा घोट पीत नाही. तो कडुनिंबाला जातो.